डुकरांसाठी दुर्बीण

तळोजा, रविवार, १३ सप्टेंबर १९८१

सकाळी पोपट पाटील आला. डोंगराखालच्या कोंडपाड्याचा. ओटीवर बसून त्याने आधी पावसाची चौकशी केली, मग माझ्या गुडघ्यांची, मग सरकारची. हा माणूस मुद्द्यावर यायच्या आधी सगळ्या तालुक्याला प्रदक्षिणा घालून येतो. चहा संपल्यावर म्हणाला, "इसाकभाय, डुकरा उतरलीत. वरच्या बांदाला नांगरल्यासारखा केलाय."

उतरणारच. भात पोटरीला आलं की डुकरांना कोणी आमंत्रण द्यावं लागत नाही. कोंडपाड्याच्या शेतांवर आमच्या घरची रायफल बसते, बाबांच्या वेळेपासून. पीकसंरक्षणाचा परवाना आहे, तो चुलीतल्या विस्तवासारखा आम्ही विझू दिलेला नाही. डुक्कर पडला की पाड्यावर वाटे होतात. इतर गावांत बंदूकवाल्याला मागची तंगडी देतात. आम्हाला ती हराम, म्हणून आमचा वाटा भाताचा. मळणी झाली की खळ्यावर जायचं आणि मानाने पेंढ्यात बांधलेला एक मुडा उचलून आणायचा. हे कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर एव्हाना कोर्टात गेलं असतं.

पोपट जाता जाता हळूच म्हणाला, "पोरा बोलतान, यंदा गोले लावूया." गोळे म्हणजे कणकेत दारू भरून रानात ठेवतात ते. डुकराने चावला की जबडा उडतो. गाईने चावला की गाईचा उडतो, आणि मग सगळे कपाळाला हात लावून बसतात. मी म्हटलं, "का? रायफल गंजली काय?"

तो चपला शोधायला लागला. म्हणजे गेल्या वर्षीचं बोलायचं होतं. गेल्या वर्षी माझ्या तीन गोळ्या वाया गेल्या, एकही डुक्कर पडला नाही, हे मला माहीत आहे. पण कारण उघड आहे. नळीच्या टोकाची, नेम धरायची ती लोखंडी माशी. दिवस कलल्यावर ती दिसतच नाही. कोणालाच दिसत नाही. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "यंदा रायफलीवर दुर्बीण बसवतो."

"बसवा," पोपट म्हणाला. "सिडकोची नोटीस आलीय. फुडल्या वर्षाला शेत हाय का नाय कोन जाने. यवढा येक पीक घरान येव दे."

ही वही लिहायची खोड मला बोटीवर नोकरीला असताना लागली. माझी बायको सकिना म्हणते, माणसांशी बोलता त्यापेक्षा वहीशी बरं बोलता. तिने ही वही वाचलेली नाही.

बुधवार, १६ सप्टेंबर

दुर्बीण घ्यायची हे गावात कसं पसरलं कोण जाणे. आज चहाच्या टपरीवर चार जणांनी सल्ला दिला. त्यातल्या तिघांनी आयुष्यात गलोलसुद्धा धरलेली नाही.

सगळ्यात मोठा जाणकार आमचा मेहुणा शौकत. एमआयडीसीत फिटर आहे. हातात पाना आला की या लोकांना विमानसुद्धा समजतं. तो म्हणाला, "दुलाभाय, एकाच ताकदीची घेऊ नका. कडं फिरवून लहानमोठं करता येतं ना, तसली घ्या. तीनपासून नवापर्यंत. डुक्कर झुडपात जवळ असला तर तीन, नाल्यापलीकडे असला तर नऊ." मलाही तेच घ्यायचं होतं. त्याने आधी बोलून ठेवल्यामुळे आता ती त्याची अक्कल ठरली.

मला एकच दुर्बीण हवी जी जवळ चालेल, लांब चालेल, तिन्हीसांजेला चालेल, दमट हवेत बुरसणार नाही, रायफलीच्या धक्क्याने हलणार नाही आणि स्वस्त असेल. सुनेला स्वयंपाक, शिवण, इंग्रजी आणि गोरा रंग हे सगळं यावं आणि माहेरनं हुंडाही द्यावा म्हणणाऱ्या सासूसारखी ही मागणी आहे, पण माझा इलाज नाही. सकिनाने साफ सांगितलंय, मागच्या पडवीची कौलं बदलायला ठेवलेत तेवढेच पैसे. वर एक पैसा नाही.

सोमवार, २१ सप्टेंबर

मुंबईला जाऊन आलो. फोर्टातल्या, आम्ही म्हणतो कोटातल्या, बंदुकीच्या दुकानात. दुकानदार म्हातारा पारशी, हात थरथरतात, जीभ थरथरत नाही. त्याने तीन दुर्बिणी मखमलीवर मांडल्या, सोनार मांडतो तशा.

पहिली जर्मन, चौपट दाखवणारी, कोणा संस्थानिकाच्या घरातून आलेली. मी नियमाप्रमाणे डावा डोळा मिटला, उजवा लावला आणि दारातून समोरच्या इमारतीकडे बघितलं. धुकं. दुसरी सहापट दाखवणारी. धुकं. तिसरी जपानी, कडं फिरवायची, तीन ते नऊ. तीनवर पातळ धुकं, नऊवर दाट धुकं.

मी म्हटलं, "शेठ, तुमच्या मालाला समुद्राची हवा लागलीय. काचांच्या आत ओल धरलीय."

तो म्हणाला, "काय बोलते? एकदम क्लियर छे." आणि स्वतः लावून समोरच्या इमारतीवरची पाटी घडाघडा वाचून दाखवली. चाळीस वर्षं जी पाटी समोर आहे ती मीही डोळे मिटून वाचली असती.

मी वीस वर्षं बोटीवर टेहळणी केली आहे. काचेत ओल शिरली की कसं दिसतं ते मला शिकवू नये. तांबड्या समुद्रात पहाटे दुर्बीण डोळ्याला लावली की असंच दुधात बघितल्यासारखं दिसायचं. मी तसं त्याला ऐकवलं. त्यावर हा शहाणा म्हणतो, "डिकरा, जरा डाव्या डोळ्याने बघ ने."

रायफल उजव्या खांद्याला आणि नेम डाव्या डोळ्याने! उद्या म्हणेल पायाने चाप ओढ. मी टोपी घातली आणि निघालो.

शनिवार, २६ सप्टेंबर

उरणला रज्जाककडे गेलो. माझा बोटीवरचा सोबती. त्याच्याकडे रशियन दुर्बीण आहे. ओडेसाला कोणाला तरी दोन जीनच्या पँटी देऊन घेतली होती. तेव्हापासून ती कपाटात पडून आहे, कारण रज्जाककडे बंदूक नाही. जगात असे लोक असतात. वापरून बघायला घेऊन आलो. पसंत पडली तर कोटातल्यापेक्षा निम्म्यात देणार.

घरी येऊन अंगणातून शौकतच्या घरावर धरली. धुकं. रज्जाक खाडीच्या काठावर राहतो, आणखी काय होणार! पण याला औषध आहे. बोटीवर आम्ही ओल धरलेली दुर्बीण तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायचो. तांदूळ ओल ओढून घेतो. सकिनाच्या डब्यात पुरली.

बुधवार, ३० सप्टेंबर

चार दिवस तांदळात राहूनही रशियन बाईचं धुकं गेलं नाही. उन्हात ठेवली. गेलं नाही. शौकतला बोलावून दाखवली. तो लावून म्हणाला, "दुलाभाय, साफ हाय. माझ्या छपरावर बगला बसलाय, त्याची चोच दिसते." मी घेतली आणि पाहिलं. छप्परच नीट दिसेना तर चोच कुठून दिसणार! मेहुण्याला वाटतं की भावोजींना खूश ठेवलं की झालं.

शेवटी त्याचाच पाना घेऊन दुर्बीण उघडली, आतल्या काचा मलमलच्या फडक्याने पुसल्या आणि परत बसवल्या. शौकत "नको, नको" म्हणत उभा होता. फिटर म्हणे.

रविवार, ४ ऑक्टोबर

रज्जाकला दुर्बीण परत केली. त्याने डोळ्याला लावली आणि ओरडला, "इसाक, हे काय केलंस? आत वाफ धरलीय!"

मी म्हटलं, मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय.

त्याने मला जेवायलासुद्धा थांब म्हटलं नाही. खरं बोललं की माणसं तुटतात.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

आज चहा बशीबाहेर सांडला. या नव्या किटलीची चोच वाकडी आहे. गेले काही महिने हिच्यातून एकदाही चहा सरळ पडलेला नाही. सकिना पुसता पुसता थांबली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या उजव्या डोल्यात काय तरी दिसतंय. बुबुलात राख पडल्यासारखी."

"राख नाही, एमआयडीसीचा धूर," मी म्हटलं. "अख्ख्या तळोज्याच्या डोळ्यांत आहे."

"माज्या नाय."

"तू घरात असतेस."

"पनवेलला डाक्टराला दाखवा एकदा."

मी कोपऱ्यातलं वर्तमानपत्र उचललं आणि जाहिरातीतली सगळ्यात बारीक अक्षरं तिला चष्म्याशिवाय वाचून दाखवली. माझ्या वयाच्या किती लोकांना हे जमतं? शौकतला चाळिशीत चष्मा लागला. मग ती फडकं पिळायला गेली. हिच्या माहेरचे सगळेच डॉक्टरांचे भक्त आहेत.

शनिवार, १० ऑक्टोबर

काल बकरी ईद झाली. पोपट ईद मुबारक करायला आला आणि या वेळी प्रदक्षिणा न घालता बोलला. डुकरांनी वरचं शेत संपवलं, आता खालच्या शेतात उतरतायत. दाणे भरलेत. पाड्यावरची पोरं डबे बडवून रात्रभर आरडाओरडा करतात. डुकरं म्हणे आता डब्यांना सरावलीत, वाजवायला लागलं की येतात. पुढच्या रविवारी बैठक आहे, आणि त्यात गोळ्यांचं नक्की होणार.

"रविवारी सांग, इसाकभाय बसतोय," मी म्हटलं.

तसाच उठून मुंबई गाठली आणि जपानी घेतली. पारशाने विजयी चेहरा केला नाही, ते त्याचं नशीब. तिन्हींमध्ये तीच कमी धुरकट. तीनवर ठेवली तर काळं-पांढरं समजतं. आकार कळतो. डुक्कर काही पाटी नव्हे, वाचायचं थोडंच आहे! त्याच्या मिस्त्रीने पट्ट्या मारून रायफलीवर बसवून दिली. पडवीची कौलं गेली त्यात. सकिनाने पैसे मोजून दिले आणि पडवीत गळतीखाली ठेवायचं भांडं होतं तिथेच परत ठेवलं.

बुधवार, १४ ऑक्टोबर

बंद पडलेल्या दगडखाणीत जाऊन नेम जुळवला. चुना लावलेला पत्र्याचा डबा खडकावर ठेवला. मी चार गोळ्या मारल्या. शौकत लांबून बघून सांगत होता, "उजव्या हाताला गेली. खाली गेली. ही कुठे गेली समजली नाय." मी दर वेळी दुर्बिणीवरचे स्क्रू फिरवत होतो.

मग तो म्हणाला, "मी एक मारू? तुमी नुसतं स्क्रूकडे ध्यान द्या." कायद्याने चालत नाही, पण खाणीत कायदा येत नाही. त्याने एक मारली, स्क्रू फिरवला, दुसरी मारली आणि डबा उडाला. तिसरीला परत उडाला.

म्हणजे मी चार गोळ्यांत जुळवत आणलेलंच त्याच्या हाताला लागलं. परतताना तो सायकल धरून चालत राहिला आणि शेवटी म्हणाला, "दुलाभाय, परवान्यावर माजं नाव चढवलं तर? तुमच्या जोडीला बसेन."

हं. म्हणजे एवढ्यासाठी सगळं चाललं होतं! बहीण-भावांनी आधीच ठरवलेलं दिसतंय. मी हयात आहे, म्हटलं.

रविवार, १८ ऑक्टोबर

पाड्यावर बैठक झाली. मला बोलावलं नव्हतं, पण पोपटने येऊन सांगितलं की गोळे रद्द झाले. त्याची आई बयाबाई भर बैठकीत म्हणाली म्हणे, "इसाकभायची बंदूक हाय तवर दारूचे गोले माज्या शेतान नाय यायचे. ढोरा मरतान, पोरा मरतान. बंदूक मानूस बगून उडते." या म्हातारीची जीभ अशी आहे की बैठकीत पुरुष तिच्यापुढे बसत नाहीत, सरकून घेतात. तिने सांगितलं म्हणजे झालं.

संध्याकाळी शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसलो. पोपट सोबत होता. बोलत होता, हे वेगळं लिहायला नको. मधेच माझा दंड धरून कुजबुजला, "तो बगा! नाल्याच्या कडंला. तीन हायत, पिलाबी हायत."

मी दुर्बीण लावली. काही नाही. काळोखात काळोख.

"गेली," तो थोड्या वेळाने म्हणाला. पोपटची नजर त्याच्या गप्पांसारखीच आहे. नसलेलंही दिसतं.

बुधवार, २१ ऑक्टोबर

आज काही लिहीत नाही.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

लिहिलं पाहिजे. बोटीवर अपघात झाला की त्याच दिवशी लिहायचा नियम होता, मी एक दिवस मोडला.

काल माळ्यावर गेलो तेव्हा उजेड होता. पोपट खाली बैलाला पाणी दाखवायला गेला. सूर्य डोंगराआड गेला. खालच्या शेताच्या बांधावर काहीतरी हललं. मी डावा डोळा मिटला, दुर्बीण लावली. काळं. पाठीला उंचवटा. तोंड खाली घालून उकरत पुढे सरकतंय. मला इतका आनंद झाला! महिनाभराचं सगळं धुकं असू दे, आकार स्पष्ट होता. मी दुर्बिणीतली फुली उंचवट्याच्या पुढे आणली, खांद्यावर.

पोपट शिडीवरून वर येत होता. म्हणाला, "काय बगताव?"

"चूप. मोठा आहे. बांधावर."

त्याने बघितलं. मग "आये!" असं ओरडून त्याने नळीवर हात मारला. माझं बोट चापावरच होतं. गोळी गेली.

बांधावरचा उंचवटा सरळ झाला. घोंगडी खाली पडली. बयाबाई होती. डुकरांनी तुडवलेल्या लोंब्या वाकून गोळा करत होती. गोळी तिच्यापासून हातभर अंतरावर चिखलात शिरली होती.

तिचा आवाज इतका मोठा आला की डोंगरावरून परत आला. "कोन रं तो मुडद्या? तुज्या हाताला झडा लागू दे! तुजा निर्वंस होव दे! बाईमानूस दिसत नाय तुला, फुटल्या डोल्याच्या?" पोपट धावत तिच्याकडे गेला होता. त्याने तिला काहीतरी सांगितलं. आणि ती बोलायची थांबली.

मी खाली उतरून गेलो. तिने घोंगडी झटकून परत डोक्यावर घेतली. म्हणाली, "इसाकभाय काय? बरा, बरा. कालोख पडला म्हनून झाला असंल. बसा, पानी देव का?"

पाणी विचारत होती मला. अहोजाहो करत होती. या बाईने मला लहानपणी कैऱ्या चोरताना कान धरून घरी आणलंय, कधी "तू" सोडून बोलली नाही.

पोपट तळोज्यापर्यंत पोचवायला आला. एवढ्या वाटेत एक शब्द बोलला नाही.

दुर्बीण हलली असणार. मिस्त्रीने पट्ट्या नीट मारल्या नाहीत. उद्या ती पारशाच्या तोंडावर फेकून येतो.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

गेलो नाही. अंगात कणकण आहे.

सकिनाला पोपटच्या बायकोकडून समजलं. तिने रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याच पुढ्यात ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

रविवार, २५ ऑक्टोबर

पारशाकडे परत न्यायची म्हणून सकाळी दुर्बीण रायफलीवरून काढली. पॅक करण्याआधी एकदा अंगणात बघितलं, त्याला नेमका दोष सांगता यावा म्हणून. सकिना वळणीवर कपडे टाकत होती. उजवा डोळा लावला. नेहमीचं दूध. मधे एक काळसर उभा आकार. ही सकिना आहे हे मला माहीत होतं म्हणून ती सकिना. नाहीतर काहीही असतं.

बघून बघून उजव्या डोळ्याला पाणी आलं. तो मिटून चोळत बसलो आणि दुर्बीण खाली ठेवायच्या ऐवजी, कसं कोण जाणे, डाव्या डोळ्याला लावली.

सकिनाच्या कानातल्या बाळीतला लाल खडा दिसला. खड्याच्या कडेची झिजलेली चांदी दिसली. लुगड्याला तिने घातलेले टाके दिसले. ती ओठ दाबून कपडे पिळत होती, आणि रडत होती. मला पाठमोरी होऊन रडायची तिची सवय आहे, पण आज ती अर्धवट वळलेली होती.

मी डोळा बदलला. धूर. परत बदलला. लाल खडा. असं किती वेळा केलं, सांगता येत नाही. शेवटी दुर्बीण बाजूला ठेवून नुसताच डावा डोळा हाताने झाकला आणि समोरच्या माझ्या घराकडे बघितलं. घर गेलं.

म्हणजे पारशाची पाटी खरी. शौकतच्या छपरावरचा बगळा खरा, त्याची चोचही खरी. पोपटची डुकरं खरी, पिल्लांसकट. रज्जाकची दुर्बीण ओडेसाहून आली तेव्हापासून कोरडी ठणठणीत होती, तिच्यात वाफ मी भरली. किटलीची चोच सरळ आहे. वीस वर्षं टेहळणी केलेला हा इसाक, मैलभर लांबचा दिवा ओळखणारा, स्वतःच्या बुबुळातली राख सोडून जगातल्या प्रत्येक काचेला ओल लावत फिरत होता. असला गाढव मी अख्ख्या दर्यावर बघितला नाही.

बुधवार, २८ ऑक्टोबर

पनवेलच्या डॉक्टरने बॅटरी मारून एका मिनिटात सांगितलं. मोतीबिंदू. अजून पुरता पिकला नाही, पिकला की काढू. यंदा भात वेळेवर पिकलं, हा राहिला.

येताना रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. हवालदाराने विचारलं, "का हो?" मी म्हटलं, दिसत नाही. त्याने मान डोलावली आणि पुढच्याला हाक मारली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात कठीण शब्द होता आणि हवालदाराला त्यात लिहून घेण्यासारखंसुद्धा काही वाटलं नाही.

शौकतला परवान्याच्या अर्जाचं सांगितलं. तो खूश झाला नाही. म्हणाला, "तुमी बरे व्हा आधी." मेहुणा बरा माणूस आहे. एवढंच लिहितो, जास्त लिहिलं तर चढून बसेल.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

पोपट दिवाळीचा फराळ घेऊन आला. ओटीवर टेकला, करंज्यांचं ताट दिलं, "बरा हाय ना?" विचारलं आणि उठला. पाच मिनिटंसुद्धा नाही. मीच विचारलं, खालचं शेत?

"गेला," तो म्हणाला. "तुमी नाय म्हटल्यावर डुकरांना कोन अडवनार! मधला राहिलाय. गोल्यांचा परत चाललाय. आई काय बोलत नाय."

"का बोलत नाही?"

"काय बोलंल?" म्हणाला आणि गेला. त्यांना वाटतंय मी अंधारामुळे चुकलो. आणि मी तसंच वाटू देतोय. बयाबाईने माझ्या बंदुकीवर जबान दिली आणि त्याच बंदुकीने मी तिलाच मारणार होतो, म्हणून ती आता पाड्यावर तोंड उघडू शकत नाही. जिच्यापुढे अख्खं गाव सरकून बसतं ती बाई.

रविवार, १ नोव्हेंबर

कोंडपाड्याला जाऊन आलो. एकटाच. बयाबाई ओटीवर सूप घेऊन भात पाखडत होती. मला बघून तिने पाट सरकवला. "बसा इसाकभाय. चाय ठेवतंय."

"बसत नाही," मी म्हटलं. "आधी ऐक. त्या दिवशी काळोख नव्हता. माझा उजवा डोळा गेलाय. मोतीबिंदू आहे. दुर्बिणीतून तू मला डुक्कर दिसलीस."

सूप थांबलं. पोपट गोठ्यातून बाहेर येऊन उभा राहिला.

"कदीपासून?" तिने विचारलं.

"गेल्या वर्षीपासून असणार. मला समजलं नव्हतं. सगळे सांगत होते, मी ऐकलं नाही."

"म्हंजे गेल्या सालाबी आंधलाच बसला व्हतास मालावर? बंदूक घेवन?"

"एका डोळ्याने आंधळा."

तिने सूप खाली आपटलं, भात ओटीभर उडाला. "अरं मेल्या इसाक्या! येका डोल्यान आंधला म्हंजे काय अर्दा आंधला? माजा पोर तुज्या शेजारी बसत व्हता! माजी नातवंडा बांदावरशी जातान! मी बैठकीन सांगतंय इसाकभायची बंदूक, इसाकभायची बंदूक, आनि हा फुटल्या डोल्याचा दिसत नाय तरी नेम धरतंय! तुज्या बापानं हाच शिकवला काय तुला? त्यो असता तर चांभाराच्या आरीनं टोचला असता तुला! खालचा शेत गेला, सांगायला तोंड नव्हता तुला? सांगितला असता तर आमी शौकतला बसवला असता, मशाली पेटवल्या असत्या, काय बी केला असता! तुला काय वाटला, आमी तुला मुडा दिला नसता? अरं मुडा का डोल्याला देतंव?"

पोपट पुढे आला, "आये, पुरे."

"बोलू दे तिला," मी म्हटलं.

"मी काय तुजी परवानगी मागतंय काय, मुडद्या?" ती माझ्यावरच उलटली आणि दुप्पट जोराने सुरू झाली. माझ्या कैऱ्यांपासून सगळं काढलं. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. तिने त्यांनाही ऐकवलं, आणि त्याच दमात गोळ्यांची भाषा करणाऱ्या पोरांच्या आयाबहिणींचाही उद्धार केला. रात्री कोणी कुठल्या बांधावर मशाल घेऊन बसायचं, तेही त्या शिव्यांतच वाटून दिलं. मला मधल्या शेताचा कोपरा आला.

मधे दम लागला म्हणून ती थांबली. तांब्या तोंडाला लावून पाणी प्याली, उरलेलं माझ्यापुढे आदळलं, "पी," म्हणाली आणि परत सुरू झाली. मी तिथेच पायरीवर बसलो, सांडलेला भात वेचून सुपात टाकत राहिलो, आणि सगळ्या शिव्या ऐकल्या.